डॉक रेगीचं रान

लोकांच्या दारात जाऊन ‘तुमच्या जमिनीत आमच्या माणसांना शिकार करू द्याल का’ असं विचारायचं काम चारुता दाबकेकडे आलं, ते केवळ तिला नकाशे काढता येत होते म्हणून. तिच्या सहकारनगरातल्या घरी अंडंसुद्धा आणत नसत. आईला तिने फोनवर सांगितलं, शेतकऱ्यांचा सर्व्हे आहे. आई म्हणाली, बरं झालं, तेवढीच मोकळी हवा मिळेल.

ही २००९ सालची गोष्ट. त्या वर्षी ॲडलेडला उतरणाऱ्या प्रत्येक विमानात आपली पोरं असायची. तिथल्या मॉसन लेक्स उपनगरात युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, आसपास चार माणसांच्या घरात आठ-आठ जण राहत होते. चारुताच्या घरात सहा होते आणि सहाही जणांच्या शिफ्ट वेगळ्या. कुणी पहाटे ऑफिसं झाडायला जायचं, कुणी पेट्रोल पंपावर रात्र काढायचं. घरातलं बोलणं फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतून चालायचं. ‘दूध माझं आहे.’ ‘बाथरूमचा दिवा बंद करा.’

मे महिन्यात चारुता चार दिवस अंथरुणातून उठली नाही. ताप नव्हता, काही दुखत नव्हतं, नुसतं उठावंसं वाटेना. पाचव्या दिवशी ती उठली, अंघोळ केली आणि लेक्चरला गेली. घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ती शिफ्टला असेल असं प्रत्येकाने धरून चाललं होतं. आईला सांगायचा प्रश्नच नव्हता. मेलबर्नला आपल्या मुलांवर हल्ले होताहेत या बातम्या बघून आई आधीच अर्धी झाली होती.

जूनमध्ये डिपार्टमेंटच्या बोर्डावर एक हाताने लिहिलेला कागद लागला. नकाशे काढणारा विद्यार्थी हवा, शनिवारी काम, गाडी असल्यास उत्तम. गाडी होती, म्हणजे अर्धी होती. शैलेंद्र नावाच्या घरातल्याच मुलाबरोबर तिने एक जुनी पांढरी कोरोला घेतली होती. आठवडाभर तो त्यातून पिझ्झा पोचवायचा. शनिवारी दिवसभर गाडी तिची.

कागद लावणारा ट्रेव्हर हा निवृत्त शाळामास्तर होता. मरे नदी ओलांडून तासभर गेलं की मॅलीच्या खुरट्या झाडीचा कोरडा मुलूख लागतो. तिथे मॅलीफाउल नावाचा कोंबडीपेक्षा थोडा मोठा पक्षी राहतो. तो घरटं बांधत नाही. पालापाचोळा आणि वाळू यांचा माणसाच्या कमरेएवढा ढीग रचतो आणि त्यात अंडी पुरतो. ढिगाच्या उबेने ती उबतात. हे पक्षी आता थोडेच उरले होते आणि जे होते त्यांची अंडी कोल्हे उकरून खात होते. कोल्हे इथले नव्हेत, गोऱ्यांनी पूर्वी शिकारीच्या हौसेपायी आणून सोडलेले. ट्रेव्हरच्या पक्षी वाचवणाऱ्या मंडळातले हौशी शिकारी हे कोल्हे मारायला तयार होते, पण खासगी जमिनीवर बंदूक घेऊन पाय ठेवायचा तर मालकाची लेखी परवानगी लागते. मालक होते अकरा. अकरांपैकी एकानेही नाही म्हटलं तर कोल्हे त्याच्या रानात जाऊन बसणार.

“बंदूकवाला दारात आला की लोक आधी नाही म्हणतात आणि मग विचार करतात,” ट्रेव्हर म्हणाला. “तू गेलीस तर आधी चहा विचारतील.”

त्याने तिला रीत शिकवली. फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं, बंद असेल तर आत गेल्यावर आपण उतरून बंद करायचं. घरापर्यंत गाडी हळू न्यायची, धूळ उडवायची नाही. कुत्री भुंकून दमेपर्यंत गाडीतच बसायचं. जाळीच्या दारापासून दोन पावलं मागे उभं राहायचं. आणि कागद लगेच काढायचा नाही, आधी पावसाचं विचारायचं.

पाऊस तर वर्षानुवर्षं पडला नव्हता. त्यामुळे त्या विषयावर प्रत्येकाकडे बोलायला पुष्कळ होतं. लोकरीचे मोजे घातलेल्या बायका तिला स्वयंपाकघरात बसवायच्या आणि केक कापायच्या. त्यात अंडं असायचं. ती म्हणायची, नुकतीच खाऊन आले. मग कागद पुढे व्हायचा. कुठल्या प्राण्याची शिकार, कुठल्या तारखांना, कुठल्या रानात, मेंढ्या कुठे आहेत, कुठल्या बाजूला गोळी झाडायची नाही. खाली सही. आठवडाभरात चारुता जेवढं बोलत असे त्यातलं निम्मं तर या अनोळखी दारांत बोलून व्हायचं. परतताना पुलापाशी फोनला रेंज यायची. कुणाचा मेसेज नसायचा.

जुलै संपता संपता दहा सह्या झाल्या. नकाशावर तिने दहा तुकडे हिरवे केले. बरोबर मध्ये एक पांढरं भोक राहिलं. ट्रेव्हरच्या यादीत त्यापुढे लिहिलं होतं, ‘डॉक रेगी’.

“तो देणार नाही,” शेजारच्या रानाचा मालक कॉलिन तिला आधीच म्हणाला होता. “आणि त्याला कुणी आग्रहही करणार नाही. गावातली अर्धी माणसं त्याच्या हातावर जन्मली आहेत. माझा अंगठा त्यानेच शिवला.” त्याने अंगठा दाखवला.

डॉक रेगीच्या फाटकाला साखळी होती, कुलूप नव्हतं. बाजूला पाटी, शिकारीला मनाई असल्याची. पाटी जुनी होती पण अक्षरं कुणीतरी नव्याने गिरवलेली. चारुताने फाटक उघडलं, गाडी आत घेतली, फाटक लावलं. कुत्रं नव्हतं. घराच्या बाजूला पाण्याच्या टाकीपाशी एक म्हातारा शिडी धरून उभा होता. जाड लोकरी शर्ट, डोक्यावर रुंद टोपी.

“गुड मॉर्निंग, मिस्टर रेगी,” ती लांबूनच म्हणाली. “पाऊस काय म्हणतो तुमच्याकडे?”

म्हाताऱ्याने टोपी काढली. तो चेहरा सहकारनगरात बँकेच्या रांगेत दिसला असता तर तिने दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं.

“वेअर आर यू फ्रॉम?” त्याने विचारलं. उच्चार अस्सल इथले, नाकातले.

“मॉसन लेक्स. युनीतून आले.”

“त्याआधी.”

“इंडिया. पुणे.”

त्याने टोपी शिडीच्या पायरीला अडकवली. मग घसा खाकरला. “आपण पुण्यात कुठल्या?”

चारुताला आधी प्रश्न कळला आणि मग तो मराठीत होता हे कळलं. सहकारनगर, असं ती म्हणाली.

ते डॉक्टर श्रीनिवास रेगे होते, मूळचे गिरगावचे. एकाहत्तर साली या गावाला डॉक्टर मिळत नव्हता म्हणून आले. “रेगे त्यांना म्हणता येईना. पहिल्याच आठवड्यात रेगी झालं,” ते म्हणाले. “मी दुरुस्त करायचं सोडून दिलं. तू काका म्हण.” ‘आपण’ तिथेच संपलं.

त्यांनी चहा केला, आलं किसून घातलं. मग चष्मा लावून तिचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि घडी घालून परत दिला.

“शिकारीला मी परवानगी देत नाही. सत्तावीस वर्षं झाली, कुणालाच देत नाही.”

“का ते विचारू का?”

“नको विचारूस.”

ती उठली. निरोप घेऊन गाडीपर्यंत पोचली, तोवर ते मागून आले. “तुझ्या नकाशात चूक आहे. माझी दक्षिणेची हद्द रस्त्यापर्यंत नाही, अलीकडच्या बांधापर्यंत आहे. दुरुस्त करून आण पुढच्या शनिवारी.”

“दुरुस्त केलं तर सही कराल?”

“आधी आण तर खरी.”

तिने हद्द दुरुस्त करून नेली. मग त्यांनी बोट ठेवलं तारखेवर, कारण तिने घाईत सप्टेंबरची एकतीस तारीख टाकली होती. त्यापुढच्या वेळी विहिरीची खूण चुकली होती. दर शनिवारी चहा, मग कागद, मग चूक, मग जेवण. रेगेकाका स्वतः वरण-भात लावायचे, वर लिंबू. तूप कढवून ठेवलेलं असायचं.

बोलताना ते मध्येच थांबायचे. वस्तू डोळ्यांपुढे असायची, शब्द सापडायचा नाही. “झाडांना पाणी घालायचं ते... चोच असते बघ त्याला.”

“झारी?”

“झारी,” ते म्हणाले. आणि खरोखरच उठून बाहेर गेले, झारी भरली आणि कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालून आले. ते रोप तिनेच इंडियन शॉपमधून आणून दिलं होतं.

त्यांची बायको श्यामला तीन वर्षांपूर्वी गेली होती. ती दवाखान्यात कंपाउंडर, नर्स, सगळं काही होती. पेशंटला कळू नये असं काही असलं की दोघं त्याच्यासमोरच मराठीत बोलायची. “ती गेल्यावर मराठी डोक्यातच राहिली,” ते म्हणाले. “डोक्यात बोललेलं फार दिवस टिकत नाही.” मुलगी लीना पर्थला होती. रविवारी फोन करायची. हे मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. “तिची चूक नाही. आम्ही तिच्याशी बोलायला घरी असायचोच कुठे.”

तेही तिला प्रश्न विचारायचे, अगदी साधे. सकाळी किती वाजता उठतेस. काल काय जेवलीस. घरात कोण कोण आहे, त्यांच्याशी बोलतेस का. झोप लागते का. चारुताला वाटायचं, एकटा म्हातारा माणूस, चौकशा करणारच. ती खरं-खोटं मिसळून उत्तरं द्यायची. गाडी चालवत परतताना तिला कधी कधी त्यांची फार कीव यायची. एवढं मोठं रान, एवढं कोरडं घर आणि सही लांबवून एका मुलीला दर शनिवारी बोलावून घ्यायची ही युक्ती. युक्ती तिला तिसऱ्याच आठवड्यात कळली होती.

पण पाचव्या आठवड्यात एक वेगळीच गोष्ट झाली. शुक्रवारी संध्याकाळी लॅबमध्ये कागद छापायला टाकण्यापूर्वी तिला दिसलं की एका रानाचा आकडा चुकला आहे. चारच्या जागी सात. बोट कीबोर्डवर नेऊन तिने मागे घेतलं आणि तसाच कागद छापला. शनिवारी रेगेकाकांनी चूक काढली. ती म्हणाली, अरे हो की. त्यानंतरची प्रत्येक चूक तिनेच मुद्दाम ठेवली.

सोमवारी ट्रेव्हर फोन करायचा. “डॉक काय म्हणतो?”

“विचार करतोय. जवळजवळ तयार आहे.”

“नो वरीज. घाई नको करूस.”

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. शिकारी ठरलेल्या तारखा पुढे ढकलत राहिले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रेव्हरने तिला एका शुक्रवारी कॉलिनच्या रानात नेलं. काय दाखवायचं ते सांगितलं नाही. झाडीतून पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर तो थांबला आणि त्याने हात वर केला. समोर मॅलीफाउलचा ढीग होता, पण एका बाजूने खणलेला, आतली ओलसर माती बाहेर फेकलेली. मातीत कवचाचे फिकट गुलाबी तुकडे पडले होते.

“सात तरी असतील,” ट्रेव्हर हळू आवाजात म्हणाला. “परवा रात्रीचं काम. कोल्ह्याचा माग डॉकच्या कुंपणाकडे जातो.”

तेवढ्यात पलीकडून पक्षी आला. राखाडी, अंगावर तपकिरी खवले असावेत तशी नक्षी. दोघं स्तब्ध उभे होते म्हणून त्याला ते दिसले नसावेत. तो ढिगावर चढला, पाठ फिरवली आणि पायांनी वाळू मागे ओढायला लागला. खणलेला खड्डा तो पुन्हा भरत होता. एक पाय, दुसरा पाय, थोडं थांबून चोच खुपसून ऊब बघायची, पुन्हा एक पाय.

“नर आहे,” ट्रेव्हर म्हणाला. “पाच महिने रोज हेच करतोय. आत काही नाही हे त्याला कळायला अजून काही दिवस जातील.”

ट्रेव्हरने तिला दोष दिला नाही. दोष देण्यासारखं काही त्याला माहीतच नव्हतं. परतताना तो क्रिकेटविषयी बोलत राहिला, भारतीय मुलीला बरं वाटावं म्हणून. चारुता खिडकीबाहेर बघत होती. तिला सतत ती शुक्रवारची संध्याकाळ आठवत होती, चारच्या जागी सात.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर पोचली. रेगेकाका व्हरांड्यात दाढी करत होते. तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं. ढीग, कवचं, तो पक्षी. मग म्हणाली, “कागदात चुका मी मुद्दाम ठेवत होते, काका. ऑगस्टपासून. हा कागद बरोबर आहे. सही करा नाहीतर करू नका, पण आज काय ते सांगा.”

त्यांनी टॉवेलने गालावरचा फेस पुसला. अर्धी दाढी तशीच राहिली.

“मला दिसत होतं ते,” ते म्हणाले. “जी मुलगी विहिरीची खूण एकदा चुकली म्हणून कानापर्यंत लाल झाली, ती पुढच्या खेपेला साधा आकडा चुकते आणि हसते. त्यात कळायचं काय आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

“बस आधी.”

ती बसली. ते मात्र उभेच राहिले, कठड्याला टेकून, तोंड रानाकडे.

“ब्याऐंशी साली असाच दुष्काळ होता. एक मुलगा यायचा इथे, तेवीस-चोवीस वर्षांचा. रॉस त्याचं नाव. बापाची शेती सांभाळायचा. डोकं दुखतं म्हणून दवाखान्यात यायचा, मी गोळ्या द्यायचो. मग एका रविवारी घरी आला. म्हणाला, डॉक, तुमच्या रानात ससे मारू का. बरोबर कागद आणला होता, सगळं नीट लिहिलेला. मी तो कागद वाचला. तारीख, हद्द, सगळं तपासलं. एक चूक सापडली नाही. मी सही केली. तो थँक यू म्हणाला, हात मिळवला.” ते थांबले. “एकच गोळी ऐकू आली. श्यामला म्हणाली, ससा मिळालेला दिसतोय.”

चारुताला आधी कळलं नाही. मग कळलं.

“तळ्यापाशी सापडला. मी डॉक्टर, चार महिने तो माझ्यासमोर येऊन बसत होता. मी कागद वाचला, त्याचं तोंड वाचलं नाही.”

लांब कुठेतरी कॉलिनचा ट्रॅक्टर सुरू झाला.

“तू पहिल्यांदा आलीस ना,” ते म्हणाले, “पुण्याची आहेस म्हणून मी चहा दिला. पण पुढच्या शनिवारी ये म्हटलं ते त्यामुळे नाही. तुझे डोळे खोल गेले होते. एवढ्या आठवड्यांत घरातल्या कुणाचं नावसुद्धा तुझ्या बोलण्यात आलं नाही. झोपेचं विचारलं की तू विषय बदलायचीस. मला एवढंच बघायचं होतं की पुढच्या शनिवारी तू येतेस की नाही.”

चारुता जमिनीकडे बघत राहिली. एवढे आठवडे ती यांची कीव करत गाडी चालवत होती.

“मे महिन्यात मी चार दिवस उठले नाही,” ती म्हणाली. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. “काही झालं नव्हतं. नुसती पडून होते.”

“आणि पाचव्या दिवशी?”

“उठले. का ते नाही माहीत.”

“आता?”

“आता उठते. शनिवारी तर पाचलाच.”

त्यांनी मान हलवली. मग डॉक्टर पेशंटला सांगतो तसं शांतपणे तिला सांगितलं की युनीत यासाठी माणसं असतात, सोमवारी त्यांच्याकडे जायचं आणि संध्याकाळी मला फोन करून काय झालं ते सांगायचं. ती हो म्हणाली. नंतर आत जाऊन ते पेन घेऊन आले. कागद कठड्यावर ठेवला, पण सही करायच्या आधी खाली आपल्या हाताने एक ओळ लिहिली. प्रत्येक शिकाऱ्याने बंदूक गाडीत ठेवून आधी माझ्या घरी यावे, बसून चहा घ्यावा आणि जाताना सांगून जावे.

“हे त्यांना मान्य असेल तरच,” ते म्हणाले आणि सही केली. S. Rege, असं ठळक अक्षरांत.

ट्रेव्हरने ती ओळ दोनदा वाचली. त्याला रॉसची गोष्ट ठाऊक होती, गावात सगळ्यांनाच होती. “फेअर इनफ,” तो एवढंच म्हणाला.

त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारनंतर नऊ शिकारी आले. एकेक जण जाळीच्या दाराशी बूट काढून आत यायचा. दणकट पुरुष, पण डॉकच्या स्वयंपाकघरात शाळेत बसल्यासारखे बसत होते. रेगेकाका प्रत्येकाला आल्याचा चहा देत होते आणि कामाचं काहीच विचारत नव्हते. बायको कशी आहे, पाठ कशी आहे, गुरं विकलीस का. एकाशी ते बराच वेळ बोलले. बाकीचे बाहेर थांबून राहिले, कुणी घड्याळ बघितलं नाही. चारुता कप विसळत होती. केक घेऊन आलेल्या कॉलिनच्या बायकोने तिला सांगितलं, यात अंडं नाही, डॉकने बजावलं होतं.

ऊन उतरल्यावर गाड्या रानात गेल्या. ती दोघं व्हरांड्यात बसली. अंधार पडायच्या सुमारास पहिली गोळी वाजली. रेगेकाकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. चारुता खुर्ची ओढून जवळ बसली. थोड्या वेळाने दुसरी वाजली, मग तिसरी. तिसरीनंतर त्यांचा हात सैल झाला. “नऊ जण गेलेत,” ते म्हणाले, “नऊ परत येईपर्यंत मी काही आत जायचा नाही.” चारुतानेही घरी जायची घाई केली नाही. नऊच्या नऊ जण येऊन सांगून गेले, तेव्हा ते उठले.

दोन रात्रींत एकोणीस कोल्हे मारले गेले. ट्रेव्हरने आकडा सांगितला तेव्हा चारुताला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. कॉलिनच्या रानातल्या पक्ष्याने तो ढीग सोडून दिला. उत्तरेकडच्या दोन ढिगांतली अंडी मात्र शाबूत राहिली. पिलं निघाली असावीत, असं ट्रेव्हर म्हणाला. असावीत, कारण ती कुणाला दिसत नाहीत. वाळूतून स्वतःच वर येतात आणि आईबापांची गाठ न घेताच झाडीत निघून जातात.

नोव्हेंबरभर चारुता कागदाशिवायच जात राहिली. सोमवारी युनीतल्या समुपदेशक बाईंकडेही गेली, एकदा नव्हे, बऱ्याचदा. घरात तिने शैलेंद्रला पहिल्यांदाच विचारलं की तू मूळचा कुठला. तो इंदूरचा निघाला. हिंदीत बोलायला लागला की थांबायचाच नाही. त्याने काही फार फरक पडला असं नाही. दारं तशीच वेगवेगळ्या वेळी उघडायची आणि लागायची.

डिसेंबरात तिला मेलबर्नला काम लागलं. डँडेनॉन्गच्या कारखान्यांच्या बाजूला एक ऑफिस होतं, तिथे जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काढायचे. शेवटच्या शनिवारी रेगेकाकांनी पुरण घातलं. पुरण पातळ झालं, पोळ्या फाटल्या. दोघांनी त्या वाटीत घेऊन दुधाबरोबर खाल्ल्या. लीनाने फेब्रुवारीत पर्थला यायचं तिकीट पाठवलं आहे, असं ते म्हणाले. जाणार का, असं तिने विचारलं. बघू, म्हणाले.

“शनिवारी फोन करते,” चारुता म्हणाली.

“कर. उचलला नाही तर शिडीवर असेन. पुन्हा कर.”

ती वाकून नमस्कार करायला गेली तर त्यांनी खांदे धरून तिला थांबवलं आणि क्षणभर तिचा चेहरा नीट बघितला, खिडकीच्या उजेडाकडे वळवून. मग सोडलं.

ते फाटकापर्यंत आले नाहीत. तिने एकटीनेच फाटक उघडलं, गाडी बाहेर काढली, उतरून साखळी लावली. रस्ता पुलापर्यंत सरळ होता आणि त्यावर दुसरी गाडी नव्हती. तिने सहज म्हणून एक-दोन वाक्यं मोठ्याने बोलून पाहिली, मराठीत, समोरच्या काचेकडे बघून. आवाज गाडीभर झाला आणि विरला. मग ती गप्प बसली आणि गाडी चालवत राहिली.